कोठडी नको, दवाखाना हवा!

असल्फाच्या डोंगरावरच्या एका वस्तीत आमच्या गटाची बैठक होती. पाण्याचा प्रश्न झाला, रेशनचा झाला, संडासाच्या दारांचा झाला. बाया उठून गेल्या. एक मात्र बसून राहिली. चार घरची धुणीभांडी करणारी, पन्नाशीकडे झुकलेली. खूप वेळाने ती बोलली. तिच्या बावीस वर्षांच्या पोराला गर्दच्या पुडीसकट पोलिसांनी उचललं होतं. धावपळ करायला तिने दोन दिवस कामं बुडवली, त्यातलं एक घर सुटलं. गळ्यातलं गहाण ठेवलं. वकिलाने सांगितलं, ‘गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, विषय संपला.’ पोराने कबूल केलं, तिने दंड भरला. घरी आणलं तर पोराला टर्की सुरू झालेली. अंग मोडून येतंय, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पिळा. तासाभरात तो पुन्हा त्याच बोळात गेला आणि पुन्हा पुडी घेऊन आला.

ती म्हणाली, “ताई, सरकारने पोराला पकडलं, मला लुटलं, आणि गर्द तिथल्या तिथंच ठेवलं.”

मैत्रिणींनो, या एका वाक्यात जे आहे ते आपल्या कुठल्याही ठरावात अजून आलेलं नाही. आणि ते का आलं नाही, हे मला आज लिहायचं आहे. कारण मी स्वतः त्या मोर्च्यांमध्ये होते. ‘गर्दुल्ल्यांना आत टाका’ असे फलक आपणच रंगवले, पोलीस चौकीवर निवेदनं आपणच दिली. वस्तीतल्या बाया वैतागलेल्या होत्या. भांडी चोरीला जात होती, पोरींना रात्री नळावर जाता येत नव्हतं. राग खरा होता. पण मागणी चुकली. चुकीच्या मागणीची किंमत त्याच बायांनी मोजली, ज्यांच्यासाठी आपण घोषणा देत होतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. अंमली पदार्थांविषयीचा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात तो कायदा, १९८५ साली नोव्हेंबरात लागू झाला. त्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे नशा करणं हाच गुन्हा आहे. विकणं नव्हे, दुसऱ्याला देणं नव्हे, स्वतः घेणं. गर्द, मॉर्फिन, कोकेन यांसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाकीच्या पदार्थांसाठी सहा महिने किंवा दहा हजार किंवा दोन्ही. २००१ च्या दुरुस्तीने वजनाप्रमाणे पायऱ्या केल्या. गर्दची ‘अल्प मात्रा’ पाच ग्रॅम, गांजाची एक किलो. पण अल्प मात्रा म्हणजे सुटका नव्हे, फक्त शिक्षा कमी. जामिनाचं काय? मुंबई हायकोर्टाने ७ ऑक्टोबर २०२० च्या निकालात म्हटलं की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत. म्हणजे पुडीवाल्याच्या आईनेही कोर्टाची पायरी चढायची.

याच कायद्यात उपचाराची कलमंही आहेत. ३९ व्या कलमाखाली कोर्ट व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. ६४-अ म्हणतं की स्वतःहून उपचार घेणाऱ्यावर खटला चालणार नाही. वाचायला किती छान! पण उपचार पुरा केला नाही तर ते संरक्षण काढून घेता येतं. व्यसनातून उठताना माणूस एकदा, दोनदा, पाचदा पडतो, हे व्यसनमुक्तीचं काम करणारा कुणीही सांगेल. दम्याच्या रोग्याला पुन्हा धाप लागली म्हणून आपण त्याला कोर्टात उभं करतो का?

आणि ही कलमं वापरतो कोण? २०१८ च्या सरकारी गुन्हे अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात या कायद्याखाली नोंदलेल्या शंभर प्रकरणांतली पंचाण्णवांहून अधिक स्वतःच्या सेवनाची होती. विक्रीची नव्हे, सेवनाची! विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतले २०१७ आणि २०१८ चे खटले तपासले. तिथेही तेच दिसलं. जवळजवळ सगळे खटले सेवनाचे, बहुतेक गांजाचे, आणि आरोपी मुख्यतः फुटपाथवर किंवा झोपडपट्टीत राहणारे, रोजंदारीवर जगणारे. गुन्हा कबूल, दंड, घरी. उपचाराची कलमं कागदावरच राहिली. ज्याच्याकडे दार बंद करून ओढायला खोली आहे तो कुणाला दिसत नाही. ज्याचं घर दहा बाय दहाचं आहे तो रुळांच्या कडेला, पुलाखाली, संडासामागे पन्नी ओढतो आणि सापडतो. हा कायदा नशेला नाही, उघड्यावर जगण्याला शिक्षा करतो.

आता मोठ्यांचं पाहू. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच उपनगरातल्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या एमडीच्या कारखान्यावर छापा घातला. शेकडो कोटींचा माल सापडल्याचं त्यांनी सांगितलं. त्या साखळीतला एक प्रमुख आरोपी कैदी म्हणून पुण्याच्या एका सरकारी रुग्णालयात दाखल होता. तिथूनच तो पळाला आणि नंतर पुन्हा पकडला गेला. बघा गंमत! कारखान्याच्या आरोपीला रुग्णालयाची खाट आणि पुडी ओढणाऱ्या पोराला कोठडी.

एमडीची गोष्ट आणखी एक शिकवते. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ही पावडर या कायद्याच्या यादीतच नव्हती. यादीत आली तेव्हा सुटकेचा श्वास टाकला गेला. त्यानंतर आठ वर्षांनी तिचे कारखाने सापडताहेत. यादी लांबली, शिक्षा वाढल्या. १९८९ पासून काही गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीला सक्तीची फाशीसुद्धा होती. ती सक्ती मुंबई हायकोर्टाने २०११ साली घटनाबाह्य ठरवली. फाशीच्या धाकाने जे थांबलं नाही, ते पुडीवाल्याला दंड करून थांबणार आहे का?

मग या दंडाने होतं काय? ते आजारात दिसतं. पोलिसाच्या भीतीने पोरं अंधारात, घाईत, घाणीत नशा करतात. टोचणारे एकच सुई चौघांत फिरवतात, कारण खिशात सुई सापडली तर प्रश्न. सुईतून एचआयव्ही येतो, कावीळ येते. आणि नवऱ्याच्या सुईतला आजार बायकोच्या रक्तात पोचतो. तिने आयुष्यात कधी पन्नी पाहिलेली नसते. एखाद्याला मात्रा जास्त झाली, श्वास मंदावला, तर सोबतचे त्याला दवाखान्यात नेत नाहीत, पळून जातात. तिथे थांबणारा आधी आरोपी होतो. नॅलॉक्सोनच्या इंजेक्शनने, वेळेत पोचला तर, असा माणूस वाचू शकतो. वेळेत न्यायला सोबत कुणी उरत नाही, इतकंच.

सरकारलाही हे कळतं, पण एकाच हाताला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली स्वच्छ सुया दिल्या जातात, गर्दच्या जागी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर बसवून दिली जाते. मुंबईत संकल्पसारख्या संस्थांनी हे काम वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून केलंय. त्या गोळीवर माणूस कामाला जातो, पगार घरी आणतो. पण ती घ्यायला रोज यावं लागतं, आणि रस्त्यात उचलला गेला की साखळी तुटते. आरोग्य खातं एका हाताने गोळी देतं आणि गृहखातं दुसऱ्या हाताने गचांडी धरतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक स्थितीला आजारात धरलं आहे. एक कायदा ज्याला रोगी म्हणतो त्यालाच दुसरा गुन्हेगार म्हणतो. मग तो माणूस नेमका कोण?

दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय खात्यासाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. बेकायदा अंमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांतल्या एकालाच उपचार मिळतो, असं तो सांगतो. दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांतल्या एकाला. म्हणजे एकोणीस घरांत उपचार होतोच, पण तो करते घरातली बाई. ओकाऱ्या काढणं, दार धरून बसणं, पगार लपवणं, शेजाऱ्यांचे पाय धरणं, सावकाराला तोंड देणं. या दवाखान्याला पाटी नाही, पगार नाही आणि सुट्टीही नाही.

आता आपल्यातूनच येणारे प्रश्न घेते. ते खोटे नाहीत.

पहिला प्रश्न : “तो नशेत बायकोला मारतो. त्याला सोडून द्यायचं?” नाही, कधीच नाही. उलट मी म्हणते, मारहाणीसाठीच धरा. क्रूरतेविरुद्धचं पूर्वीचं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत ८५ वं कलम झालं आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. आपण ते लढून मिळवलेत. पण चौकीत काय ऐकू येतं? “नशेत होता हो, शुद्धीवर आला की ठीक होईल.” नशा ही मारहाणीची सबब होते आणि नशेचा खटला हा मारहाणीच्या तक्रारीला पर्याय होतो. दंड भरून तो घरी येतो, तोही तिच्याच पैशाने, आणि हात उगारायला मोकळा. नशा न करणारे नवरे मारत नाहीत का? आपण सगळ्याजणी जाणतो. हात उगारणं हा गुन्हा आहे, मग तो शुद्धीत उगारलेला असो वा बेशुद्धीत. पुडी ओढणं हा आजार आहे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या तरच बाईला न्याय मिळेल.

दुसरा प्रश्न : “आपण दारूची दुकानं बंद करायला लढलो. आता गर्द मोकळं करा म्हणायचं?” मैत्रिणींनो, आठवून पाहा आपण काय केलं होतं. आडव्या बाटलीसाठी मतदान घ्या म्हणालो, दुकान हटवा म्हणालो. पिणाऱ्याला एक वर्ष सक्तमजुरी द्या असं कधी म्हणालो का? आपलं बोट धंद्याकडे होतं. इथेही तेच म्हणते आहे. विकणाऱ्यावरचा, कारखानदारावरचा, हप्ता घेणाऱ्यावरचा कायदा तसाच राहू द्या. पोरांच्या हाती नशा देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती राहू द्या. फक्त घेणाऱ्याला गुन्हेगाराच्या यादीतून काढा. आणि बंदी कागदावर असली की विष थांबतं, असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी मालवणीला जाऊन विचारावं. बेकायदा गावठी दारूने २००४ साली विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत बळी घेतले. एकट्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली. त्या घरांच्या विधवा अजून तिथेच राहतात. चोरून विकल्या जाणाऱ्या मालात काय मिसळलंय, हे विकणाराही सांगू शकत नाही.

तिसरा प्रश्न : “शिक्षेची भीती गेली तर सगळी पोरं घेऊ लागतील.” पोर्तुगालने जुलै २००१ पासून स्वतःपुरता, म्हणजे दहा दिवस पुरेल इतका साठा गुन्ह्यातून काढला. पकडलेला माणूस कोर्टात नाही, तर कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणाऱ्या तिघांच्या समितीपुढे जातो. विक्री तिथे आजही गुन्हा आहे. देश नशेत बुडाला नाही. सुईतून एचआयव्ही होणाऱ्यांची संख्या वर्षाला शेकड्यांत होती, ती पंधरा-वीस वर्षांत काही डझनांवर आली. पण ते नुसत्या कायद्याने झालं नाही. बरोबरीने उपचार केंद्रं उघडली, पैसा घातला.

उलट उदाहरणही लपवणार नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० साली मतदान घेऊन शिक्षा काढली आणि २०२४ साली पुन्हा आणली. शिक्षा लगेच गेली, उपचार मात्र रेंगाळत आले. लोकांना रस्त्यावर नशा दिसली, दवाखाना दिसला नाही. यातून विरोधक म्हणतात, ‘पाहा, फसलं.’ मी म्हणते, अर्धंच केलं म्हणून फसलं. कोठडीचं दार उघडायचं असेल तर दवाखान्याचं दार त्याच दिवशी उघडं असायला हवं. म्हणूनच ही मागणी आपण करायला हवी, वकिलांवर सोपवून चालणार नाही. दवाखाना मागणं हे आपलं जुनं काम आहे.

हा विचार परका आहे असंही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझवरच्या छाप्याने देश गाजत होता. एका नामवंत नटाच्या मुलाला अटक झाली होती, पुढे मे २०२२ मध्ये त्याच्यावर आरोपपत्रच ठेवलं गेलं नाही. त्याच ऑक्टोबरात केंद्रीय सामाजिक न्याय खात्याने, स्वतःपुरती अल्प मात्रा बाळगणाऱ्यांना गुन्हेगार धरू नका, अशी शिफारस केल्याचं वर्तमानपत्रांत आलं. नटाच्या पोरासाठी चॅनेलं महिनाभर बोलली. आपल्या वस्तीतल्या पोरासाठी कोण बोललं?

आणि आता ज्यांच्याविषयी आपण स्वतःही बोलत नाही, त्या बाया. नशा करणाऱ्या. स्टेशनाबाहेर झोपणाऱ्या, बारमधून घरी येताना झोपेची ‘बटणं’ घेणाऱ्या, नवऱ्याने पहिली पन्नी हातात दिली अशा. पुरुष गर्दुल्ला झाला तर ‘बिचारी त्याची आई’. बाई झाली तर ‘बाजारबसवी’. ती दवाखान्यात जात नाही, कारण नाव फुटलं तर मूल हिरावून घेतील. चौकीत जात नाही, कारण तिथे तिच्याकडून काय मागितलं जातं ते तिला माहीत आहे. तिच्यावर बलात्कार झाला तर तक्रार करताना ती स्वतःच आरोपी ठरू शकते. गुन्ह्याचा शिक्का तिला गप्प ठेवतो. आपण ज्याला मौन म्हणतो आणि मोडायचं म्हणतो, ते मौन हेच.

शिवाय पंचविसावं कलम माहीत आहे का? आपली जागा जाणूनबुजून अशा गुन्ह्यासाठी वापरू देणाराही गुन्हेगार. दहा बाय दहाच्या खोलीत पोरगा पन्नी ओढतो हे आईला माहीत असतं. तिने जायचं कुठे? रस्त्यावर काढलं तर पोर मरेल, घरात ठेवलं तर कलम लागेल.

घटनेचं ४७ वं कलम नशाबंदीवाले नेहमी सांगतात. त्यांनी ते सुरुवातीपासून वाचावं. लोकांचं पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं आद्य कर्तव्य, असं ते म्हणतं. बंदीचा उल्लेख त्याच्या पुढे येतो. बंदी आरोग्यासाठी आहे. ज्या शिक्षेने आरोग्य बिघडतं ती शिक्षा या कलमाच्या नावाने चालवता येणार नाही.

म्हणून येत्या बैठकांत पुढच्या मागण्यांवर चर्चा करा, हवं तर भांडा, पण विषय टाळू नका.

एक : स्वतःपुरती अल्प मात्रा जवळ बाळगणं आणि सेवन करणं गुन्ह्यातून वगळा. विक्री आणि हप्तेबाजी यांच्यावर कारवाई करा, आणि ती वरून खाली करा.

दोन : राजावाडी, कूपर, भगवती, मुलुंडचं अगरवाल, कांदिवलीचं शताब्दी या पालिकेच्या प्रत्येक रुग्णालयात रोज चालणारा व्यसनोपचार विभाग, खाटा आणि फुकट औषधं हवीत. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. पैसे नाहीत असं त्यांनी आपल्याला सांगू नये.

तीन : त्या विभागात बायांसाठी वेगळी वेळ, वेगळ्या खाटा, मूल बरोबर ठेवायची सोय. आणि व्यसनी माणसांच्या घरातल्या बायांसाठी सल्ला आणि आसरा.

चार : खासगी व्यसनमुक्ती केंद्रांची तपासणी. साखळी बांधून, उपाशी ठेवून, पट्ट्याने मारून व्यसन सुटत नाही. कोठडीऐवजी दुसरी कोठडी आम्हाला नको.

पाच : मारहाणीची तक्रार घेताना ‘नशेत होता’ हे शब्द चौकीत चालणार नाहीत.

असल्फाच्या त्या बाईने मला शेवटी विचारलं होतं, “ताई, तुम्ही मोर्चा काढता ना? मग माझ्यासाठी कुठे काढाल?” तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देते. मावशी, चौकीवर नाही. पुढचा मोर्चा रुग्णालयाच्या दारात. पोराला घेऊन या, लपवत नाही तर हाताला धरून. आम्ही फलक बदलून येतो.